पाटीवरचं नाव, तोंडातलं क्रियापद

२०२३ च्या हिवाळ्यात मराठवाड्यात घरोघरी ट्रंका उघडल्या गेल्या. मराठा आरक्षणासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली होती. पणजोबाच्या नावाचा एखादा कागद हाती लागला तर नातवाचं भलं होईल, या आशेनं माळ्यावरची, देव्हाऱ्यामागची, धान्याच्या कोठीतली गाठोडी सोडली जात होती. कागद निघतही होते. घोळ पुढं होता. अक्षर मोडी असायचं, नाहीतर उर्दू. पदवीधर नातू तो कागद उलटासुलटा करून पाहायचा, मोबाइलवर फोटो काढायचा आणि शेवटी गल्लीतल्या एखाद्या म्हाताऱ्या चाचांच्या ओट्यावर जाऊन बसायचा. "चाचा, बघा की जरा, काय लिव्हलंय ह्यात." चाचा चष्मा पुसायचे, कागद उजेडाकडं धरायचे आणि त्या घराण्याला ते घराणं कोण आहे ते वाचून दाखवायचे.

त्याच वर्षी फेब्रुवारीत उस्मानाबाद शहराचं आणि सप्टेंबरात जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं. म्हणजे ज्या वर्षी हैदराबादच्या निजामाचं नाव पाटीवरून उतरलं, त्याच वर्षी निजामाच्या दप्तराला सोन्याचा भाव आला. पुढं कुणबी दाखल्यांबाबतच्या २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानं तर ‘हैदराबाद गॅझेट’ हे शब्द पारावरच्या गप्पांत कापसाच्या भावाइतके ओळखीचे करून टाकले. या योगायोगाची गंमत करता येईल, पण त्यात गमतीपेक्षा जास्त काही आहे. आपण कोण, हे सिद्ध करायला ज्या राजवटीचं नाव पुसलं तिच्याच भाषेतला कागद लागतो. तो वाचायला, ज्यांना आपण उगाचच त्या राजवटीचे वारस धरून चालतो, त्यांच्याच ओट्यावर जावं लागतं. भाषेचं आणि ओळखीचं नातं पाटी रंगवण्याइतकं सरळ असतं, तर ही वेळ आली नसती.

मी याच जिल्ह्यात वाढलो. धाराशिव हे नाव मला परकं कधीच नव्हतं. घरातली म्हातारी माणसं बोलताना धाराशिवच म्हणायची. उस्मानाबाद हे नाव एसटीच्या पाटीवर, दाखल्यावर आणि पाकिटावर असायचं. त्यामुळं नाव बदललं याचं मला दुःख नाही. माझी काळजी वेगळी आहे. पाटी बदलली की ओळखीचं काम झालं, असं समजून आपण हात झटकले, आणि ज्या गोष्टीत ओळख खरोखर मुरलेली आहे ती गोष्ट मात्र आपल्याच शाळांतून, आपल्याच लाल पेनानं रोज खोडली जाते आहे. ती गोष्ट म्हणजे आमच्या तोंडातलं क्रियापद.

हे सांगायला मी जरा दूर, आयर्लंडला जाऊन येतो. नाव, भाषा आणि राष्ट्र या तिढ्यात इतकी वर्षं अडकलेला आणि त्यावर इतकं कसदार लिहिलेला दुसरा मुलूख मला माहीत नाही.

*

२३ सप्टेंबर १९८० रोजी उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहराच्या गिल्डहॉलमध्ये ब्रायन फ्रील यांच्या ‘ट्रान्स्लेशन्स’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. काळ १८३३ चा. इंग्रज लष्कराचे मोजणी करणारे लोक एका आयरिश खेड्यात येतात. त्यांना नकाशा काढायचा आहे, आणि नकाशासाठी प्रत्येक ओढ्याला, टेकडीला, वाटेच्या फाट्याला इंग्रजी नाव द्यायचं आहे. त्यांच्या मदतीला दुभाषा म्हणून त्याच गावचा मुलगा आहे. साहेब लोक त्याचं स्वतःचं नावही नीट घेत नाहीत, आणि तो सुरुवातीला ते चालवून घेतो. गाव तेच राहतं, पण नावं गेल्यावर गावकरी आपल्याच शिवारात पाहुण्यासारखे होतात.

नाटक जिथं झालं त्या शहरालाही दोन नावं. आयरिश राष्ट्रवादी त्याला डेरी म्हणतात. लंडनच्या व्यापारी संघांच्या वसाहतीमुळं १६१३ साली त्याला लंडनडेरी हे नाव मिळालं, आणि ब्रिटनशी नातं सांगणारे अजून तेच वापरतात. तिथं माणसानं शहराचं नाव उच्चारलं की तो कुठल्या बाजूचा ते कळतं. आपल्याकडं गेली काही वर्षं ‘उस्मानाबाद’ म्हणणारा आणि ‘धाराशिव’ म्हणणारा यांच्याकडं ज्या नजरेनं पाहिलं जातं, ती नजर डेरीत जुनी आहे.

फ्रील यांची खरी खोच मात्र पुढं आहे. नाटकातली गावकरी मंडळी आयरिश बोलतात असं आपण समजायचं. रंगमंचावर ती बोलतात इंग्रजीच. एका प्रवेशात इंग्रज अधिकारी आणि गावची मुलगी एकमेकांवर जीव जडवतात. प्रेक्षकांना दोघांचंही इंग्रजीच ऐकू येतं, पण त्या दोघांना एकमेकांचं अवाक्षर कळत नाही. आयरिश भाषा गेल्याचं दुःख इंग्रजीतच मांडावं लागतं, कारण प्रेक्षागृहातल्या बहुतेकांना आता आयरिश येतच नाही.

आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर भाषेच्या बाबतीत सरकारनं काही कमी केलं नाही. १९३७ च्या राज्यघटनेत आयरिश ही राष्ट्रभाषा आणि पहिली राजभाषा ठरली, इंग्रजी दुसरी. शाळेत ती सक्तीची झाली. १९७३ पर्यंत आयरिशमध्ये नापास झालेल्याला शालान्त प्रमाणपत्रच मिळत नसे. गावांची नावं बदलली. २०२२ च्या जनगणनेत अठरा लाखांहून जास्त लोक ‘आम्हाला आयरिश येते’ असं सांगतात. शाळेबाहेर ती रोज बोलणारे मात्र सुमारे बहात्तर हजार. घटनेनं दिलेला पाट स्वयंपाकघरात कुणी मांडलाच नाही.

आणि नावांचं म्हणाल, तर कोव्ह नावाच्या बंदराची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १८४९ मध्ये व्हिक्टोरिया राणी आली म्हणून त्याचं क्वीन्सटाउन झालं. राणीचं नाव नको म्हणून १९२० च्या सुमारास ते पुन्हा कोव्ह झालं, आयरिश स्पेलिंगनं. पण कोव्ह हा शब्द मुळात इंग्रजीच, त्याचा अर्थ लहानशी खाडी. त्याला फक्त आयरिश कपडे चढवले होते. शुद्ध मूळ खणायला गेलं की बरेचदा असंच काहीतरी मिश्र हाती लागतं.

*

आता घरी येऊ. हैदराबाद संस्थानात जवळपास निम्मी प्रजा तेलुगू बोलणारी, पाव हिस्सा मराठी, दहाव्या हिश्शाच्या आसपास कन्नड आणि साधारण तितकीच उर्दू. राज्य चालायचं उर्दूत. १८८० च्या दशकात दरबारी फारसीची जागा उर्दूनं घेतली. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठानं इंग्रजी बाजूला ठेवून सगळं उच्च शिक्षण उर्दूतून देऊन दाखवलं. भारतीय भाषेत वैद्यक आणि अभियांत्रिकीही शिकवता येतं, हे सिद्ध करणारा तो मोठाच प्रयोग होता. फक्त ती भाषा बहुसंख्य प्रजेची नव्हती. देशी भाषेचा अभिमान आणि देशी भाषांची गळचेपी एकाच इमारतीत नांदत होती.

त्याविरुद्धचा लढा आमच्या जिल्ह्यानं शाळेतून सुरू केला. आजच्या लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्यात १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. १९२९ मध्ये तिथं मुख्याध्यापक म्हणून आले ते व्यंकटेश खेडगीकर, पुढचे स्वामी रामानंद तीर्थ. त्यांचा जन्म आजच्या कर्नाटकातल्या सिंदगीचा. मराठवाड्याच्या मुक्तीचा सगळ्यात मोठा नेता कानडी मुलखातून आला, आणि इथं कुणालाही ते खटकलं नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरकडून आत शिरल्या तेव्हा पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला गेला, आणि पाचव्या दिवशी निजामानं शरणागती पत्करली. निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या दहशतीत घरदार सोडून बार्शी-सोलापूरच्या सरहद्दीपलीकडं आसरा घेतलेल्यांच्या आठवणी आमच्या घरांतून अजून पुरत्या विझलेल्या नाहीत. त्यामुळं ‘उस्मानाबाद’ या नावाचा ज्यांना सल होता, त्यांचा सल खोटा होता असं म्हणायला माझी जीभ धजणार नाही.

पण मला पडलेला प्रश्न असा की, सहा-सात दशकं दरबार, कचेरी आणि विद्यापीठ उर्दूत असूनही आमची मराठी का मेली नाही? आयर्लंडमध्ये तर एका शतकात भाषा घराबाहेर गेली.

आम्ही फार स्वाभिमानी म्हणून, हे उत्तर ऐकायला गोड आहे. खरं उत्तर कडू आहे. निजामानं आम्हाला शिकवलंच नाही. १९५१ साली हैदराबाद राज्यात साक्षर माणूस दहात कसाबसा एक होता. ज्यांना नोकरी हवी ते मूठभर उर्दू शिकले. बाकीच्यांचा त्या भाषेशी संबंध यायचा तो पाटील-पटवाऱ्याच्या कागदापुरता. पेरणी, बाळंतपण, ओवी, भांडण आणि मर्तिक मराठीतच राहिलं. आयर्लंडमध्ये उलट झालं. १८३१ पासून सरकारी शाळा गावोगाव पोचल्या आणि त्या इंग्रजी शिकवत. मग १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात गरीब, आयरिशभाषी लोकच सगळ्यात जास्त मेले. उरलेल्यांना अमेरिकेची बोट दिसत होती, आणि त्या बोटीवर चढायला इंग्रजी लागत होती. पोर आयरिश बोललं की गळ्यातल्या काठीवर खाच पाडायची आणि संध्याकाळी खाचा मोजून मार द्यायचा, ही शिक्षा प्रसिद्ध आहे. पण त्या खाचा पाडायला कित्येकदा आईबापांचीच संमती असे. भाषा मारायला शत्रू पुरत नाही. तिला पोटच्या पोराच्या भवितव्याआड येणारी अडगळ ठरवावं लागतं.

म्हणजे दुर्लक्षानं आमची भाषा वाचवली. आज पहिल्यांदाच धाराशिवमधलं जवळपास प्रत्येक मूल शाळेत जातंय. आनंदाचीच गोष्ट आहे. पण आयर्लंडची परीक्षा आमच्यासाठी खऱ्या अर्थानं आत्ता सुरू होते आहे.

*

परीक्षा मराठीची नव्हे. मराठी बोलणारे आठ कोटींच्या वर आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ ला तिला अभिजात दर्जा मिळाला, २०२० च्या कायद्यानं ती सगळ्या शाळांत सक्तीची झाली, आणि २०२५ च्या जूनमध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय सरकारला मागं घ्यावा लागला. प्रमाण मराठीला पाठीराखे आहेत. आमच्या बोलीला नाहीत.

आमच्याकडं ‘काय करत आहेस’ असं कुणी विचारत नाही. ‘काय करायलास?’ असं विचारतात. उत्तर येतं, ‘जेवायलोय.’ ‘करायला लागलास’ हे घासून घासून ‘करायलास’ झालं असावं, आणि त्यात प्रमाण मराठीच्या ‘करत आहेस’मध्ये नसलेला एक रंग आहे: काम हातात आहे, माणूस त्यात गुंतलाय. ‘गेलो होतो’ला आम्ही ‘गेलतो’ म्हणतो. शाळेत निबंधात मी लिहिलं होतं, ‘आम्ही तुळजापूरला चालत गेलतो.’ वही परत आली तेव्हा ‘गेलतो’वर लाल काट मारून वर ‘गेलो होतो’ लिहिलेलं होतं. गुरुजी मनानं चांगले होते. त्यांनीही बहुधा त्यांच्या गुरुजींकडून अशीच काट खाल्ली असेल. माझ्या गळ्यात काठी नव्हती, पण खाच पडली. त्यानंतर कित्येक वर्षं मी वर्गात तोंड उघडण्याआधी मनातल्या मनात क्रियापद बदलून घ्यायचो, आणि तोवर बोलायची वेळ निघून जायची.

या बोलीच्या पोटात आमचा सगळा इतिहास आहे. जमीन धरणात गेली की तिचा ‘मावेजा’ मिळतो. पश्चिम महाराष्ट्रातला माणूस ‘मोबदला’ म्हणेल. घाम पुसायला ‘दस्ती’ लागते. जुन्या जमिनीचा वाद निघाला की ‘खासरा पाहणी’चा उतारा काढतात. निजामाचं राज्य गेलं, पण हे शब्द गेले नाहीत, कारण ते निजामाचे उरलेच नव्हते. उमरगा-मुरूमच्या बाजूला गेलात तर बोलण्याच्या हेलात कन्नड ऐकू येते. तुळजाभवानीच्या दारात नवरात्रात मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच रांगेत उभ्या असतात आणि आईला त्यातली कुठली कळत नाही अशी तक्रार अजून कुणी केलेली नाही.

आणि देवाणघेवाण एकेरी नव्हती. शेजारच्या मुस्लिम घरात बोलली जाणारी दखनी ऐका. ती ‘नक्को’ म्हणते. उत्तरेतल्या उर्दूला हा शब्द ठाऊक नाही, तो आमचा ‘नको’ आहे. ती ‘मैंच’, ‘आजच’ म्हणते. जोर देणारा तो ‘च’ मराठीचा. लखनौच्या माणसाला दखनी ऐकून हसू येतं, पुण्याच्या माणसाला मराठवाडी ऐकून. दोघांच्या हसण्याचं कारण एकच आहे: या दोन बोली शतकानुशतकं एकाच बाजारात, एकाच आडावर एकमेकींना घासत आल्या.

आयरिश लोकांनी इंग्रजीचं हेच केलं. आयरिश माणूस ‘आय अ‍ॅम आफ्टर ईटिंग’ म्हणतो. लंडनच्या कानाला वाटतं, हा जेवणाच्या मागं लागलाय. त्याला म्हणायचं असतं, आत्ताच जेवलो. शब्द सगळे इंग्रजी, पण वाक्याची हाडं आयरिश. भाषा गेली तरी तिचं व्याकरण साहेबाच्या भाषेत घुसून राहिलं. म्हणून मी म्हणतो, ओळख शोधायची तर नामात शोधू नये. नामं हुकुमानं बदलतात. क्रियापदाला हुकूम लागू होत नाही.

आमच्याच जिल्ह्यातलं तेर याची साक्ष देईल. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात ते ‘तगर’ म्हणून येतं, भडोच बंदराकडं माल धाडणारी मोठी पेठ म्हणून. तगरचं तेर व्हायला कुठली अधिसूचना निघाली नाही, कुणी कोर्टात गेलं नाही. लोकांनी ते नाव हजार-दोन हजार वर्षं तोंडात घोळवलं आणि त्याचं तेर झालं. बाजारात उस्मानाबादी शेळी मात्र अजून उस्मानाबादीच आहे. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं नामांतराविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, पण शेळीचा भाव सांगणाऱ्याला तो निकाल लागू झालेला दिसत नाही.

*

बोलीत एवढं साठलेलं असेल तर ते कागदावर कुठं उतरतं? सातबाऱ्यावर नाही, गॅझेटात नाही. ते उतरतं कथेत आणि कादंबरीत. पण तिथंही एक जुनी वहिवाट आडवी येते, आणि माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली तिच्यातच आहे.

मराठी ग्रामीण कथेत बराच काळ अशी पद्धत होती की संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण भाषेत. गावच्या माणसानं बोलावं. त्याच्याविषयी मात्र लेखकानं शहरी मराठीत सांगावं. त्यामुळं नकळत एक उतरंड तयार होते. जो सांगतो तो शहाणा आणि ज्याच्याविषयी सांगितलं जातं तो भाबडा, विनोदी, फार तर दयनीय. इंग्रजी रंगभूमीवर दोन-तीनशे वर्षं ‘आयरिश विदूषक’ असाच नाचवला गेला. त्याच्या तोंडी बोली आली की प्रेक्षक हसायला तयार.

रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’नं १९७१ साली ही उतरंड मोडली. बोराडे काटगावचे, काटगाव आज लातूर जिल्ह्यात आहे, पण १९८२ मध्ये लातूर वेगळा होईपर्यंत ते उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. ‘पाचोळा’ सगळी सांगते ती गंगाराम शिंप्याची बायको पारबती, आणि ती तिच्या बोलीतच सांगते. मधे प्रमाण मराठीत समजावून सांगणारा कुणी लेखक उभा नाही. शाळेत न गेलेली एक बाई अख्ख्या कादंबरीची धनी होते. गावातल्या सत्तेच्या दाबाखाली तिच्या घराचा पाचोळा कसा होतो, याचा अर्थ लावायचा अधिकारही तिचाच. मला ही निव्वळ शैलीची करामत वाटत नाही. बोलणारा आणि सांगणारा यांच्यातली भिंत पडली की माणूस विषय राहत नाही, नागरिक होतो.

कळंब तालुक्यातल्या हासेगावच्या भास्कर चंदनशिव यांच्या ‘लाल चिखल’मध्ये भाव न मिळालेले टोमॅटो बाप भर बाजारात पायांनी तुडवतो आणि आपण ते पोराच्या डोळ्यांनी पाहतो. तुडवणाऱ्या बापाकडं शेतीअर्थशास्त्राची परिभाषा नाही. ती नाही म्हणूनच गोष्ट खरी वाटते. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’नं तर मराठवाडी बोलीच्याही खालचा थर उघडला. जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या जमातीचं जगणं त्यात तिच्या शब्दांसकट आलं, आणि १९८८ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बोलीच्याही पोटात आणखी बोली असतात आणि तिथंही कुणाचं तोंड दाबलेलं असतं, हे त्यानं दाखवलं. परांड्याला लागून असलेल्या करमाळ्याची बोली ‘सैराट’ चित्रपटानं २०१६ मध्ये नायिकेच्या तोंडी दिली तेव्हा पुण्या-मुंबईची पोरं तिच्यासारखं बोलायला लागली. तेवढ्यापुरता का होईना, वारा उलटा वाहिला.

आयरिश कथात्म साहित्यात हीच लढाई वेगवेगळ्या तऱ्हांनी लढली गेली. मार्टिन ओ काइन यांची ‘क्रे ना किल्ये’ १९४९ ची, आयरिश भाषेतली. तिच्यातली सगळी पात्रं मेलेली आहेत आणि थडग्यांत पडल्या पडल्या एकमेकांची उणीदुणी काढतात. निवेदक जवळपास नाहीच, नुसती बोलणी. पहिलं इंग्रजी भाषांतर छापून यायला २०१५ साल उजाडलं, इतकी ती आपल्या मातीत रुतलेली. रॉडी डॉइल यांनी ‘पॅडी क्लार्क हा हा हा’ डब्लिनच्या दहा वर्षांच्या पोराच्या तोंडून सांगितली आणि १९९३ चं बुकर मिळवलं. अ‍ॅना बर्न्स यांची ‘मिल्कमन’ २०१८ च्या बुकरची मानकरी. तिच्यात कुणालाच नाव नाही. कारण गोष्ट घडते त्या शहरात पोराचं नाव काय ठेवलं यावरून जीव जाऊ शकतो, पलीकडच्या बाजूची नावं ठेवायची सोयच नाही. नामांतराच्या राजकारणावर याहून तिखट टीका मी वाचलेली नाही. बाई नावंच काढून टाकतात, आणि उरतो तो नुसता आवाज. आश्चर्य असं की त्या आवाजावरूनच गाव, धर्म, वर्ग, भीती, सगळं कळतं.

*

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही हलके नाहीत.

पहिला असा की हे सरमिसळीचं कौतुक जुलमावर गुलाबपाणी शिंपडतं. उर्दू आमच्यावर प्रेमानं आली नव्हती. मान्य. पण जुलमाची आठवण ठेवणं आणि त्या भाषेला हद्दपार करणं यांत फरक आहे. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी निजामाच्याच मुलकी सेवेत होते. उर्दू-फारसीवरच्या त्याच प्रभुत्वाच्या जोरावर त्यांनी शिवकाळाची साधनं मराठीत आणली. त्यांना त्या भाषा येत नसत्या तर आपल्याच राजाचा इतिहास आपल्याला अर्धा कळला असता. आणि फ. म. शहाजिंदे यांच्यासारखे लातूर-धाराशिव पट्ट्यातले कवी मराठीत लिहितात, १९९० साली सोलापूरला झालेल्या पहिल्या मुस्लिम मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होतात, तेव्हा भाषेची मालकी धर्मानं वाटता येत नाही हे आपोआप सिद्ध होतं. जानेवारी २०२० मध्ये आमच्या शहरात त्र्याण्णवावं अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं तेव्हाही हाच प्रश्न उठला. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचे ख्रिस्ती धर्मगुरू. बायबल सुबोध मराठीत आणलेला हा माणूस पुरेसा मराठी आहे का, अशी शंका काढणारे निघाले. संमेलन झालं आणि चांगलं झालं. त्या साहित्यनगरीला नाव होतं संत गोरा कुंभारांचं.

दुसरा आक्षेप आमच्याच पोरांच्या बाजूचा आहे, म्हणून जास्त गंभीर आहे. प्रमाण भाषा आली नाही तर स्पर्धा परीक्षा, मुलाखत, कोर्ट, सगळीकडं मार बसतो. बोलीचं कौतुक पोटभरल्या लेखकांनी करावं. हेही खरं आहे. मी प्रमाण मराठी शिकवू नका म्हणत नाही. मी स्वतः हा लेख बऱ्यापैकी तिच्यातच लिहितोय. प्रमाण भाषा चप्पल आहे, बाहेर जाताना घालावी. पण ती घालायची म्हणून पाय कापायचे नसतात. शिवाय ज्या पोराला स्वतःच्या क्रियापदाची लाज वाटते, ते दुसऱ्याच्या क्रियापदातही मोकळं होत नाही. ते गप्प बसतं. माझ्या वर्गातल्या त्या गप्प वर्षांचा हिशेब कुठल्याच गुणपत्रिकेत नाही. आज रीळ आणि वेबमालिकांत मराठवाडी बोली चलतीत आहे, पण बहुतेक वेळा पुन्हा हशासाठीच. ‘आयरिश विदूषक’ फक्त मोबाइलवर आलाय.

आयर्लंडकडून शिकायचं ते हे. सक्ती, घटना, पाट्या, सगळं करूनही भाषा स्वयंपाकघरात परतली नाही. पण लेखकांनी तिची हाडं जपली, आणि काही वेळा त्या हाडांवर पुन्हा मांस चढतं. क्लेअर कीगन यांनी इंग्रजीत लिहिलेल्या ‘फॉस्टर’वर २०२२ मध्ये चित्रपट आला तो आयरिश भाषेत, आणि ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. इंग्रजी कथा आयरिशमध्ये उतरली तरी ती मुळात तिथलीच वाटावी, इतकं ते बोलणं तिच्या पोटात आधीच होतं.

गोरोबाकाका, म्हणजे संत गोरा कुंभार, तेरचे. त्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. संतांच्या मेळ्यात मुक्ताईनं विचारलं, यातलं कुठलं मडकं पक्कं आणि कुठलं कच्चं? काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर वाजवत गेले. नामदेव चिडले, म्हणून ते कच्चे ठरले. मला या गोष्टीत कुंभाराची रीत महत्त्वाची वाटते. कोण कुठला, कुणाच्या आव्यातला, हे काकांनी कुणाला विचारलं नाही. वाजवलं आणि आवाज ऐकला.

धाराशिवच्या एखाद्या शाळेत उद्या एखादं पोर निबंधात लिहील, ‘आम्ही तेरला गेलतो.’ लाल पेन उचलण्याआधी गुरुजींनी ते वाक्य एकदा मोठ्यानं वाचून पाहावं. खणखणीत वाजलं, तर तसंच राहू द्यावं. प्रमाण रूप शेजारी, समासात, पेन्सिलीनं लिहावं.